खालीपासून उठणारं भजन

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी फोन केलात, मी तो आजोबांच्या हातात दिला, आणि थोड्या वेळातच तुम्ही "हॅलो, हॅलो, नेटवर्क गेलं वाटतं" म्हणत तो बंद केलात. नेटवर्क गेलं नव्हतं. आजोबा टेबलावर बोटं वाजवत होते. ते कशासाठी, हे तुम्हाला एकदा क्रमानं सांगायला हवं. फोनवर ते मला जमणार नाही, म्हणून ही आजी लिहिते आहे.

आजोबांना अर्धांगाचा झटका आला, तो तुम्ही उमरग्याला येऊन गेलात त्याच्या पुढच्याच थंडीत. उजवा पाय लवकर सुधारला. उजवा हात थोडा मागे राहिला. वाचा मात्र गेली. समजत सगळं होतं. चहात साखर जास्त पडली तर कप सरकवून माझ्याकडे बघायचे, बातम्यांत कुणी खोटं बोललं तर हसायचे. पण तोंडातून एकच शब्द यायचा, "तसंच." पाणी हवं असलं तरी तसंच, नको असलं तरी तसंच. चिडले की तोच शब्द मोठ्यानं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की शब्द पुसले गेलेले नाहीत, त्यांची बाहेर यायची वाट बंद झाली आहे. मग विचारलं, "हे गात होते का कधी? काही पेशंटना बोलता येत नाही, पण गाता येतं. करून बघा." मी मान हलवली. घरी आल्यावर गोळ्यांच्या वेळा आणि मालिशवाल्याची वाट बघणं यात ते मागे पडलं.

मग तुळजापूरचं झालं. दर्शन घेऊन आम्ही बसस्टँडकडे निघालो होतो. मी कवड्यांच्या माळेचा भाव करत होते, वळून पाहिलं तर आजोबा नाहीत. त्या गर्दीत पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेला म्हातारा शोधायचा म्हणजे काय, कल्पना करा. प्रत्येक पाठ त्यांचीच वाटत होती. मी कपाळावर हळद थापलेल्या अनोळखी माणसांचे दंड धरून त्यांना वळवत होते. शेवटी ते एका बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर सापडले. सदऱ्याला चिखल लागला होता. त्यांनी कुणाला तरी स्टँडची वाट विचारली होती, म्हणजे "तसंच, तसंच" म्हणाले होते. त्यानं प्यालेला समजून ढकललं होतं.

दुकानदारीण म्हणाली, "नाव इचारलं, गाव इचारलं, एकच शबुद. पर वास येत नव्हता, म्हनून म्हटलं बसवून घ्यावं."

परतीच्या बसमध्ये आजोबांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाव, गाव, फोन लिहून त्यांच्या खिशात कार्ड ठेवलं. त्यांनी ते फाडलं. मी प्लास्टिकमध्ये बंद करून दुसरं ठेवलं, ते मोरीत सापडलं. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, फाटकाला कुलूप लाव. हायवे किती जवळ आहे तुला माहीत आहे." मी कुलूप आणलं.

पहिल्याच सोमवारी आजोबा तयार होऊन, गळ्यात टाळ अडकवून फाटकापाशी गेले. गल्लीच्या टोकाच्या मठात सोमवारी भजन असतं, आणि त्यातलं पहिलं भजन आपल्या घरातला माणूस उचलतो. आधी त्यांचे वडील, मग हे. मी म्हटलं, "चला, मी येते सोबत." त्यांनी माझा हात झटकला. बायकोनं आणून सोडायचं आणि परत न्यायचं, हे त्यांना त्या मंडळींसमोर नको होतं. भजन सुरू झालं, आम्हाला अंगणात ऐकू आलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात. ते संपेपर्यंत आजोबा फाटकाच्या गजांना कपाळ टेकवून उभे होते.

तेव्हा मी बोलून गेले, "अनोळखी माणसाला स्वतःचं नाव आणि गाव सांगता आलं, की त्याच दिवशी किल्ली तुमच्या हातात." ते वळले, एक बोट वर केलं आणि म्हणाले, "तसंच." तो होकार होता की शिवी, मला अजून माहीत नाही.

त्या दिवशी मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. मठातलं ते भजनच घ्यायचं ठरवलं. लहानपणी मी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, आणि नोकरीभर मुलांना इंग्रजी वाक्यांचं पृथक्करण शिकवलं होतं. कर्ता बाजूला काढा, क्रियापद बाजूला काढा. भजनाचंही तसंच करायचं ठरवलं. शब्द वेगळे, सूर वेगळे, ताल वेगळा. एकेक बसवायचा आणि शेवटी जोडायचे.

सुरुवात शब्दांपासून केली. अर्धे मराठी, अर्धे कानडी शब्द. मी म्हणायची, आजोबा माझ्या ओठांकडे बघायचे, घाम यायचा, आणि "तसंच." भिंतीपलीकडून शेजारीण म्हणायची, "काकू, आज बी परीक्षाच व्हय? पास करा की काकांना एकदाचं!"

मग सूर घेतले. चाल सोपी आहे, सा ते पंचम, त्याच्या वर जातच नाही. पेटीवर वाजवली तर आजोबांनी भुवया आकसल्या. पुन्हा वाजवली, त्यांनी मान हलवली. मग स्वतः गुणगुणून दाखवलं. शब्द नव्हते, पण सूर स्वच्छ होता! त्यांचा गंधार पेटीतल्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी होता, कोमलापेक्षा चढा आणि शुद्धापेक्षा उतरता. माझ्या पेटीत तो नव्हताच. मी पेटीचा गंधार गाळला, ती जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली. आठवडाभरात पूर्ण चाल गुणगुणणं आलं.

आता ताल. आठ मात्रांचा साधा केरवा. पहिल्या मात्रेला सम म्हणतात, तिथं जोरात टाळी. पाचवीला खाली म्हणतात, तिथं टाळी वाजवत नाहीत, हात नुसता बाजूला उघडतात. मी वहीत मात्रांचे रकाने आखले, पहिल्या रकान्यात भजनाचा पहिला शब्द लिहिला आणि "एक" म्हणून खूण केली. आजोबांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पुन्हा "एक." पुन्हा तेच. मी आवाज चढवला. वर्गात चढवायची तसा. "अहो, एकवर! एक म्हटलं की लगेच!"

त्यांनी डाव्या हातानं पेटीचा भाता दाबून बंद केला, आणि हात तिथंच ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. गुणगुणणंही त्यानंतर बंद झालं. मी पेटी उघडली की ते उठून परसात जायचे. मिळालं होतं तेही मी घालवलं, असं मला वाटू लागलं. कुलूप लागून दोन महिने झाले होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की लवकर जे परत येईल ते येईल, पुढं कठीण होत जातं.

तुमच्यापैकी धाकटीनं झटक्याआधीच्या त्या सुट्टीत मठात मोबाइलवर भजनाचा व्हिडिओ काढला होता, आठवतं? त्यात निम्मा वेळ कुणाच्या तरी पाठीचंच चित्र आहे. एका दुपारी आजोबा झोपल्यावर मी तो लावला आणि चित्र दिसू नये म्हणून फोन पालथा ठेवला. एकदा फक्त टाळ ऐकले. एकदा फक्त चाल. मग मांडीवर टाळी देत आजोबांचा आवाज कुठं सुरू होतो तेवढंच ऐकलं. सम गेली. ते गप्प. दुसरी, तिसरी, चौथी गेली. ते गप्पच. पाचवीला माझा हात बाजूला उघडला आणि तिथून त्यांचा आवाज उठला. मी पुन्हा लावलं. प्रत्येक वेळी तसंच. पहिला शब्द खालीपासून सुरू होत होता, आणि त्याचं शेवटचं अक्षर समेवर येऊन बसत होतं.

मी त्यांना इतके दिवस समेवर ढकलत होते. जिथं त्यांचा शब्द संपतो, तिथं तो सुरू करायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली नाही. ते चहा पीत होते तेव्हा समोर बसून टेबलावर ठेका धरला. तोंडानं काही मोजलं नाही. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. त्यांनी कप खाली ठेवला. डावा हात टेबलावर आला, माझ्या ठेक्यात मिसळला. चार मात्रा गेल्या, त्यांचा पंजा उघडला, आणि भजनाचे पहिले तीन शब्द आले. पूर्ण. कानडी शब्दासकट. मी ठेका सोडला नाही. सोडला असता तर ते थांबले असते.

भजनाचे शब्द काढून तिथं गाव घालायला बराच काळ गेला. "उमरगा" नीट बसतं, शेवटचं "गा" समेवर येतं. त्यांचं नाव एका अक्षरानं लांब पडत होतं, ते आम्ही दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, कोंबलं. पण घरात आणि गल्लीत म्हणणं वेगळं. तिथं सगळेच त्यांना ओळखतात. माझी अट अनोळखी माणसाची होती, आणि त्यांना ती पक्की लक्षात होती. त्यांनीच एका सकाळी देवीच्या तसबिरीकडे बोट केलं, मग दाराकडे. तुळजापूर.

परतीच्या बसमध्ये ते पुढच्या बाकावर एकटे बसले. मी दोन बाक मागे, पदर डोक्यावरून घेऊन. त्यांच्या खिशात कार्ड नव्हतं. बस सुटली, कंडक्टर आला.

"बाबा, कुठं?"

आजोबांनी समोरच्या दांडीवर बोटं वाजवायला सुरुवात केली. तेवढ्यात ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. ठेका मोडला.

"अहो बाबा, नळदुर्ग का फुडं? बोला की पटकन, लई गर्दी हाय."

"तसंच," आजोबा म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "पेल्यालं दिसतंय म्हातारं."

मी अर्धी उठले. आजोबांनी मागे न बघता डावा तळवा वर केला. म्हणजे, जागेवरून उठू नकोस. मी बसले. दांडीवर पुन्हा बोटं वाजू लागली, या वेळी संथ. कंडक्टर कपाळाला आठ्या घालून उभा. चार मात्रा गेल्या. हात दांडीवरून उघडला.

"उमरगा."

मठात लावायचे त्याच पट्टीत, त्याच गंधारात. आख्खी बस बघत होती.

"आता ह्ये काय!" कंडक्टर म्हणाला. "भजन म्हनून तिकीट घेनारं पयलंच गिऱ्हाईक!" लोक हसले. आजोबांचा ठेका चालूच होता. पुढच्या खालीपासून त्यांनी स्वतःचं नावही म्हटलं, दुगुणीत, एकही अक्षर न गाळता.

"नाव नगं बाबा," कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "तिकिटावर नाव येत न्हाय."

घरी पोचल्यावर फाटकासमोर त्यांनी तळहात पुढे केला. मी किल्ली ठेवली. डाव्या हातानं कुलूप काढायला त्यांना फार वेळ लागला, आणि मी मदत करायची नाही हे मला कळत होतं. निघालेलं कुलूप त्यांनी माझ्या हातात दिलं. आता ते पाण्याच्या टाकीच्या झाकणाला आहे. सोमवारी ते एकटे मठात जातात. ते परत येईपर्यंत मी कुठलंही काम धड करत नाही, हे त्यांना सांगू नका.

आता रविवारचं. त्या दिवशी ते तुमची नावं म्हणणार होते. दोघांची बसवली आहेत. टेबलावर बोटं ऐकू आली की गप्प राहा, हॅलो म्हणू नका. मधे एक मोकळी जागा येईल, तेव्हा त्यांचा हात उघडलेला असतो, तो तुम्हाला दिसणार नाही. फोन तेव्हाच तर बंद करायचा नाही. थोरल्याचं नाव सरळ येतं. धाकटीच्या नावातलं जोडाक्षर अजून अडतं, ते थोडं वाकडं येईल. दुरुस्त करू नका.