गोदूच्या नावाने एक घागर

पत्नी गेली आणि माझी कादंबरी जिथल्या तिथे थांबली. कुंभकोणमला राहून मराठीत कादंबरी लिहिणारा माणूस म्हणजे तसा थट्टेचाच विषय. वर्तमानपत्रांत तेव्हा भाषावार प्रांतांचा वाद रंगला होता. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, बाजारात तमिळ बोलत असे; मराठी उरली होती ती घरापुरती. जिच्याशी ती बोलायचो तीच गेली. प्रत्येक प्रकरण पहिल्यांदा ऐकायची तीच.

कादंबरीतली गोदू नावाची तरुण विधवा सासरच्या ओसरीवर बसलेली होती. पुढच्या प्रकरणात तिने शिकण्यासाठी घर सोडायचं होतं. पण लेखणी उचलली की गोदूला माझ्या पत्नीचा चेहरा येई. गोदू उंबरठ्याबाहेर पडली तर पत्नी पुन्हा एकदा जाईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. चार वाक्यं लिहायचो आणि गोदूला परत ओसरीवर आणून बसवायचो. संध्या चुकत नव्हती, पण ती ऐकणारा कोणी आहे, यावरचा विश्वास उडत चालला होता.

कार्तिक अमावास्येला कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीत गंगा येते, अशी आमच्याकडची श्रद्धा. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या नावाने आपल्या अंगावर घागर ओतून घेतात. “दादा, वहिनीच्या नावाने तरी जाऊन ये,” असं धाकटी बहीण म्हणाली, म्हणून गेलो.

रांगेत माझ्यापुढे आमच्यातलीच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातली एक वयस्कर बाई होती. मी कोणासाठी आलो ते तिने विचारून घेतलं, हळहळली, आणि म्हणाली, “घरी आणखी कोण?”

“गोदू,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मुलगी? मग आणली का नाही?”

खरं सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, “ती ओसरीवर बसून असते, अक्का.”

“बसून असते, की बसवून ठेवलीत?”

“शिकायला जायचंय तिला. माझ्याच्यानं जाऊ देववत नाही.”

“वा! एवढा चष्मा लावता, आणि पोरीला कोंडता? ती काय लोणचं आहे, बरणीत घालून फडकं बांधायला?”

मागची माणसं हसली. कित्येक महिन्यांनी मलाही हसू आलं.

तिची पाळी आली. स्वतःचं स्नान झाल्यावर ती पाणी ओतणाऱ्याला म्हणाली, “थांब रे, आणखी एक. ही गोदूच्या नावाने.” ओल्या लुगड्यात कुडकुडत तिने हात जोडले. “आई गंगे, त्या पोरीचं पाऊल बाहेर पडू दे.”

गोदू कुठेच नाही, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. अंगावर सरसरून काटा आला. मी शाईने रचलेल्या मुलीसाठी एक अनोळखी बाई देवापुढे भिजत उभी होती.

मग माझ्या डोक्यावर पाणी पडलं, पत्नीच्या नावाचं. मला काही दिसलं नाही, आवाज ऐकू आला नाही. फक्त आतमध्ये काहीतरी सुटं झालं. जिच्यासाठी मी आलो होतो ती वेगळी आणि जिच्यासाठी अक्काने हात जोडले ती वेगळी, हे इतकं स्वच्छ कळलं की मी तिथेच रडलो. डोळे पुसून पाहिलं तर ती बाई गर्दीत निघून गेली होती.

त्या दुपारी लिहायला बसलो. गोदू उठली. तिचं कपाळ रुंद होतं, हनुवटीवर देवीचा व्रण होता. यातलं काहीच मी दिलेलं नव्हतं. सासूला दोन शब्द सुनावून ती निघाली आणि मी ठरवलेल्या गावाला गेलीच नाही. मी थक्क होऊन तिच्यामागून लिहीत राहिलो.

कादंबरी पुरी झाली. वाचणारे इथे दोघे-तिघे, त्याचं काही वाटत नाही. याला चमत्कार म्हणावं की नाही, ते मी ठरवत बसत नाही. एवढंच मनात येतं, की गोदू नव्हती तरी तिच्यासाठी कोणी मागणं मागितलं. मी तर आहे. माझ्यासाठीही, मला न कळता, कोणी कुठे हात जोडत असेल. आताशा कोरा कागद पुढे घेतला की मी घाबरत नाही. पुढचं देव पाहील म्हणतो, आणि वाट पाहतो.