तोटीखालची ओंजळ

वरुणदेवाला आणि आमच्या कुलदैवताला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त लहानसे आहे. मस्तगड वस्तीतील आमच्या भाड्याने दिलेल्या तीन खोल्यांपैकी एकीची तोटी आज मला एकट्याने निवडावी लागली. तीस वर्षे हे काम नळाचे मिस्त्री करीत. ते गेल्या वैशाखात गेले.

मिस्त्री तोटी प्रथम डोळ्यांनी पाहतच नसत. डोळे मिटून ती तळहातावर तोलीत. हलकी लागली की परत ठेवीत. "वरून नवरदेवावानी नटली, आतून पोकळ हे, गुरुजी." मग जड पितळेची, साधी, मध्यम किमतीची एखादी उचलून तिची चावी दहा वेळा फिरवीत आणि शेवटी विचारीत, "हिचा वायसर उद्या इथंच भेटन का?" ज्या तोटीची ती आतली रबरी चकती गावात मिळत नसे, ती कितीही देखणी असो, भाड्याच्या खोलीला लागत नसे. "घरमालक तोटीला हळू हात लावतो, गुरुजी. भाडेकऱ्याला कामावर जायची जल्दी असते, तो पिळतोच."

दुकानदार चिडवी, "मिस्त्री, तोटी घेऊन राह्यले का सोयरीक जमवून राह्यले?"

"सोयरीकच हे. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. तवर ते हिच्याच भरवशावर टाकीत राह्यतं."

तोटी बसवून झाली की ओंजळ धरून तिचे पहिले पाणी ते पीत. "चव पाहून राह्यलो," म्हणत. खरे कारण मला ठाऊक होते. मिस्त्री मूळचे हसनाबादचे, धम्म स्वीकारलेल्या कुटुंबातले. ते प्रथम आमच्याकडे आले तेव्हा माझ्या मातोश्रींनी त्यांना पाणी दिले ते अंगणातल्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून. तो त्यांनी न पिता उपडा ठेवला आणि त्यानंतर आमच्या घरचे कोणतेही भांडे ओठाला लावले नाही. मातोश्री निवर्तल्या, पेला तिथेच राहिला. आईची वस्तू, अशी मी स्वतःची समजूत घालीत असे. क्षमेचा एक शब्द बोलावा, असे प्रत्येक भेटीत वाटे आणि प्रत्येक भेटीत मी तोट्यांविषयीच बोले.

गेल्या चैत्रात मिस्त्री गावी असताना मी चकचकीत, हलक्या, स्वस्त अशा तीन तोट्या घेऊन दुसऱ्याकडून बसवल्या. एके दुपारी घरी कोणी नसताना एकीची मान तुटली. परतलो तेव्हा टाकी कोरडी होती आणि पाणी यावयास सहा दिवस होते. त्या खोलीत तान्ह्या मुलाची आई राहत होती.

गावाहून परतताच मिस्त्रींना कळले. सायकलला दोन कॅन बांधून त्यांनी आपल्या घरचे पाणी आणले. एक त्या बाईंना दिला, दुसरा आमच्या उंबऱ्याशी ठेवला. "बोल लावून राह्यलो न्हाई, गुरुजी. पण हातावर तोलली न्हाई तुम्ही."

दुसऱ्या दिवशी माझ्या देवांना स्नान घडले ते त्या पाण्याने.

कॅन ठेवून ते वळले तेव्हा मी प्रथमच म्हणालो होतो, "मिस्त्री, आत या. पाणी घ्या."

त्यांची दृष्टी कोनाड्याकडे गेली. "टाकी भरू द्या. मंग तोटीचं पिईन."

पाणी आले तेव्हा मिस्त्रींनी अंथरूण धरले होते. मी लगेच जावयास हवे होते. परंतु माझे पारायण चालू होते, ते मध्येच मोडू नये असे वाटले. समाप्तीच्या दुसऱ्या दिवशी निघालो, तो वाटेतच ते गेल्याचा निरोप मिळाला.

त्यांच्या घरी त्यांच्या पत्नीने मला पाणी दिले. पेला तोच, जो तिथे प्रत्येकाच्या हाती होता. "प्या गुरुजी, उन्हातून आले." मी प्यालो. तीस वर्षे जपलेला शब्द ओठांवर होता. ज्यांना सांगावयाचा ते नव्हते. घरी येऊन कोनाडा रिकामा केला. ते पाहणारेही ते नव्हते.

आज दुकानात डोळे मिटून तोटी तोलली, चावी दहा वेळा फिरवली, वायसरचे विचारले. बसवून झाल्यावर पहिले पाणी ओंजळीत घेतले. पितळेची चव लागते. चव पाहण्यासाठी ते कोणी पीत नाही.

वाचकहो, आपल्या घरची टाकी भरलेली राहो, मुलेबाळे सुखी असोत आणि दारी येणाऱ्या प्रत्येकाला आपल्याच तांब्यातून पाणी देण्याची बुद्धी परमेश्वर आपणांस वेळेवर देवो.