दयारामचं कॉफीचं मशीन

सांडोरच्या दयारामकडे गेलात की आधी हातात पाण्याचा तांब्या येणार, आणि तुमचं पिऊन होईस्तोवर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसणार. "कसं लागलं?" गोड म्हणायचं, दुसरं काय! आजूबाजूच्या विहिरी मचूळ होत गेल्या, पण दयारामच्या केळीच्या वाडीतली विहीर गोडच राहिली, हा त्याचा मोठा अभिमान. आळीतल्या लग्नांना पाणी इथूनच जायचं. विकतच्या पाण्याच्या जारचं नुसतं नाव काढलं तरी गडी असा भडकायचा की बायको चंद्रकांता गप्पच बसायची.

गेल्या वर्षी सुनेनं, रिद्धीनं, कॉफीचं मशीन घेतलं. "कॉफी करायला यंत्र कशाला?" म्हणून दयारामनं आधी नाक मुरडलं, आणि आठवड्याभरात मशीन स्वतःच्या ताब्यात घेतलं. रोज सकाळी विहिरीवरून कळशी आणायची, टाकी भरायची, बटण दाबायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही!

मग एक दिवस मशीन रुसलं. नुसती गुरगुर, भसाभस वाफ, आणि भांड्यात थेंब थेंब कॉफी. अर्धा तास थांबून अर्धा कप, तोही कोमट. "फसवलं मेल्यांनी!" दयाराम ओरडला. जन्मभर पाण्याचे पंप खोललेला माणूस तो, स्क्रू काढून मशीन उलटं केलं. पाणी वर चढवणारी नळी आतून पांढऱ्या खारानं गच्च भरली होती.

शेजारचा वॉल्टर लोणच्यासाठी ठेवलेली व्हिनेगरची बाटली घेऊन आला. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून मशीन दोनदा चालवलं, मग साध्या पाण्यानं धुतलं. कॉफी झरझर उतरली. घरभर आंबट वास सुटला, पण दयाराम खूश.

महिन्याभरात पुन्हा तेच.

"मशीन ठीक आहे रे," वॉल्टर म्हणाला. "तुझं पाणी बघ."

"माझ्या विहिरीला नावं ठेवतोस? तुझा बाप प्यायलाय ते पाणी!"

"म्हणून तर सांगतोय. ते पाणी आता राहिलं नाही," म्हणून वॉल्टर निघून गेला.

रिद्धी ओट्याशी मान खाली घालून उभी होती. "तुला ठाऊक होतं?" दयारामनं विचारलं.

"पप्पा, विहिरीच्या पाण्यात डाळच शिजत नाही. दोन वर्षं झाली."

"मग रोज शिजते ती?"

चंद्रकांता कोठीच्या खोलीत गेली आणि तांदळाच्या पिंपामागची जुनी साडी तिनं बाजूला केली. खाली निळा जार होता. दयाराम वाडीत गेला की जार मागच्या दारानं यायचा आणि माठात ओतला जायचा. दयाराम प्यायचा तेही तेच, आणि पाहुण्यांचा तांब्याही त्याच माठातला. विहिरीचं पाणी जात होतं ते फक्त मशीनमध्ये, कारण ते तो स्वतः भरत होता.

दयारामला राग यायला हवा होता, आला नाही. केळीच्या पानांच्या कडा करपताना त्यानंही पाहिल्या होत्या आणि उन्हावर ढकलून दिलं होतं. पण आपल्या धाकापायी घरातली माणसं दोन वर्षं पाणी चोरून भरत होती, याची त्याला फार लाज वाटली.

तो विहिरीवर गेला, पाणी ओढलं, ओंजळीनं प्यायला. कॉफीच्या कडूपणात न कळलेली चव आता जिभेवर बसली. मचूळ. तरी त्यानं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरून खांद्यावर जार घेऊन तो भर आळीतून आला. वॉल्टर फाटकात उभा होता. "अरे, ते घरी आणून देतात!"

"माहीत आहे," म्हणत दयाराम पुढे गेला.

जार ओट्यावर ठेवून त्यानं व्हिनेगरनं पुन्हा धुतलेलं मशीन भरलं. चंद्रकांता सवयीनं जारवर साडी टाकायला पुढे झाली, तसा त्यानं तिचा हात धरला.

"राहू दे उघडा. कुणी आलं तर विकतचं पाणी आहे म्हणून सांगायचं." मग पहिला कप त्यानं तिच्या हातात दिला. "तू नको सांगूस. मी सांगेन."