माइकवाल्याचं अळणी जेवण

दिवसा मी भिवंडीजवळच्या वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला असतो. गाड्या लावून घ्यायच्या, माल सोडायचा, ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची. पण ही झाली ड्युटी. मला विचाराल तर माझं खरं काम माइकवर आहे. आमच्या भागात हळद कुणाच्याही घरी असो, मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून, हातात माइक धरून बसलेला माणूस म्हणजे मी. पाहुणा रस्त्यावर दिसला की त्याचं गाव, घराणं, हुद्दा सगळं सांभाळून स्वागत करायचं. एखाद्याचा मान राहून गेला तर तो वर्षभर यजमानाशी बोलत नाही, म्हणून हे काम कुणाच्याही हाती देत नाहीत. हिवाळ्यात रविवारी मैदानावर टेनिस बॉलच्या मॅचेस असतात, त्याचं समालोचनही माझ्याचकडे. बॉल सीमेपार गेला की मी असा ओरडतो की हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न देतात. निदान मला तरी तसं वाटतं.

हळदीतलं माझं एक वाक्य ठरलेलं आहे. "जेवल्याबिगर कोनी जावाचा नाय!" नुसतं बोलून मी थांबत नाही. कुणी गुपचूप चपला घालताना दिसला की त्याला कपड्यांवरून हाक मारतो. "निळ्या शर्टवाले पाहुणे, मागे फिरा, भाकऱ्या गरम हायेत!" सगळा मांडव वळून बघतो आणि तो बिचारा मुकाट्याने पंगतीला बसतो. यजमान माझ्यावर खूश असतात ते याच्यामुळे.

नियम मात्र मी एक पाळत आलो आहे. आपल्या घरच्यांना माइकवर घ्यायचं नाही. माइक हातात आहे म्हणून मिरवतो, असं लोकांनी म्हटलेलं मला खपत नाही. बायको मांडवात शिरते तेव्हा मी खुशाल दुसऱ्या पाहुण्याकडे बघतो. तिने यावरून मला आयुष्यभर टोमणे मारले आहेत.

मुलीचं लग्न ठरलं. तारीख मे महिन्यातली निघाली. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. ती भिवंडीत एका शाळेत शिकवते, त्यामुळे समोर बसली की मला आपण बाकावर आहोत असं वाटतं.

"बाबा, गावातल्या सगळ्या मुलींना त्यांच्या हळदीला तुम्ही माइकवरून मांडवात बोलावलंत. माझ्या हळदीला मला पण बोलवा."

"त्या दिवशी मी मुलीचा बाप. डीजेवाला बोलेल की."

"मला डीजेवाल्याचा आवाज नकोय. मी लहानपणापासून वाट बघतेय."

हे मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो, आणि आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या समारंभाचं सगळ्यात सोपं काम आपल्याकडे आलं असं समजून चहा मागवला.

पुढच्याच महिन्यात आवाज गेला. सेमीफायनलची शेवटची ओव्हर चालू होती. आधी खरखर झाली, मग नुसती हवा. मैदानाला वाटलं माइक बिघडला. दोन माणसं वायर तपासायला धावली. शेवटी स्कोअर लिहिणाऱ्याने माइक घेतला आणि इतका रटाळ बोलला की जिंकलेल्या टीमलासुद्धा आनंद व्हायला वेळ लागला.

तसं सकाळी घशात काहीतरी अडकल्यासारखं आधीपासूनच वाटत होतं. मी खाकरत असे आणि बायको उशी डोक्यावर घेत असे. पण आता बातमी गावभर झाली आणि औषधांचा पूर आला. चुलतीने आलं-लिंबाचा रस पाठवला. शेजाऱ्याने लवंगा दिल्या. गोडाऊनवरचा एक ड्रायव्हर म्हणाला, "भाईसाब, काली मिर्च चबाओ, गला खुल जाएगा." क्रिकेटच्या आयोजकांनी पुदिन्याच्या गोळ्यांचा डबाच भेट दिला. मी कुणाचं मन मोडलं नाही. सगळं घेतलं. आवाज आणखी बसला. मग मनात भलतंसलतं येऊ लागलं. मी जुना तंबाखूवाला. सोडला आहे, पण शरीर विसरतं की नाही कुणास ठाऊक. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी चिडतो, त्यामुळे घरात सगळे माझ्यावर चिडले होते.

मुलगीच मला भिवंडीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाई तिथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. बोलणं गोड, हात भराभर चालणारा. दवाखान्याच्या मागे पॉवरलूमची खटखट चालू होती. त्यांनी नाकातून बारीक नळी घातली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "काका, गाठबिठ काही नाही. आधी नीट श्वास घ्या."

मी घेतला. मुलीनेही घेतला.

"घसा बिघडलेला नाहीये तुमचा. पोट बिघडलंय. पोटातलं ॲसिड वर येतंय आणि आवाजाच्या पट्ट्यांना चटके देतंय."

"पण माझ्या छातीत कधी जळजळ होत नाही."

"सगळ्यांना होत नाही. काहींचं गुपचूप वर येतं. तुम्ही घशासाठी काय काय घेताय?"

मी खिसे रिकामे केले. टेबलावर लवंगा, मिरी, पुदिन्याच्या गोळ्या, सुंठीची पुडी, अर्धं लिंबू. अर्धं लिंबू माझ्या खिशात कसं आलं हे मला आजही सांगता येणार नाही. बाई हसायच्या थांबेनात. "काका, तुम्ही जखमेवर मसाला लावताय." गुडघ्यासाठी मी मेडिकलमधून आणून खायचो त्या गोळ्यासुद्धा पोटाला वाईट म्हणून त्यांनी बंद केल्या, त्याजागी चोळायला मलम दिलं. मग एक कॅप्सूल लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या पोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी. आवाज हळूहळू परत येईल, महिना-दोन महिने धीर धरा, आणि ओरडू नका.

"ओरडू नका? मी माइकवर काम करतो."

"मग माइक कशाला असतो?" बाई म्हणाल्या.

घरी नवं राज्य सुरू झालं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा आल्या. पहिल्या आठवड्यात मी आणि बायको दोघंही झोपेत खाली घसरायचो आणि सकाळी पायथ्याशी भेटायचो. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्यामुळे मी उतारावर आले." संध्याकाळी उजेडातच जेवण, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. सुकट बंद, तळणं बंद, घरचा मसाला चिमटीवर. चहा सकाळी एकच. गोडाऊनमध्ये एका चहावर दिवस काढणं म्हणजे काय असतं ते तिथे काम केलेल्यालाच कळेल. माझ्याशी बोलायला माणसं घाबरू लागली.

एवढं करूनही महिनाभर फरक दिसेना. बाईंनी विचारलं, कॅप्सूल कशी घेता? मी म्हटलं, अगदी सांगितल्याप्रमाणे, रिकाम्या पोटी, सकाळच्या चहाबरोबर. बाईंनी कपाळाला हात लावला. "चहा पोटातच जातो ना, काका?" तेव्हापासून उठल्याबरोबर पाण्याबरोबर कॅप्सूल, मग अर्धा तास चहाकडे नुसतं बघत बसायचं. पण खरंच पंधरवड्यात आवाज वर यायला लागला. फाटका का होईना, आवाज होता. मुलगी रोज शाळेतून आली की म्हणायची, "काहीतरी बोला." मी बोलायचो, ती मार्क द्यायची.

एप्रिलच्या सुरुवातीला शेलार गावात एक हळद होती. यजमान माझा जुना दोस्त. मी संध्याकाळीच घरी दुधी-भात खाऊन गेलो. माइक तोंडाजवळ धरून बेताने बोलत होतो, सगळं छान चाललं होतं. मग दोस्त स्वतः ताट वाढून घेऊन आला. लाल रस्सा, त्यावर तेलाचा तवंग, वडे. मी हात जोडले.

"काय रं, आमचा मटन नाय आवडत का तुला?"

मी पोट, ॲसिड, पट्ट्या, नळी, सगळं समजावलं. त्याचं तोंड उतरलं. मुलीच्या हळदीला पुढच्या महिन्यात हाच माणूस सगळं कुटुंब घेऊन येणार होता, आणि ज्याच्या घरी आपण खाल्लं नाही त्याने आपल्याकडे का खावं, असा आमच्याकडे साधा हिशोब असतो. तेवढ्यात त्याच्या म्हाताऱ्या काकाने माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि सगळ्या मांडवाला ऐकवलं, "माइकवाल्यानी जेवल्याबिगर जावाचा नाय! पांढऱ्या शर्टवाले, बसा खाली!"

पांढरा शर्ट माझा होता. मांडव खदाखदा हसला. निळ्या, हिरव्या, चौकडीच्या शर्टांच्या ज्या पाहुण्यांना मी आजवर मागे फिरवलं होतं, ती सगळी मंडळी टाळ्या वाजवत होती. मी बसलो आणि जेवलो. खरं सांगतो, पहिला घास लागला तेव्हा मला आनंदच झाला. दुसऱ्या वाढीला मी नको म्हटलं नाही.

सकाळी आवाज नव्हता. मुलीने "काहीतरी बोला" म्हटलं आणि माझ्या तोंडून फुस्स एवढंच आलं. तिने मार्क दिले नाहीत. ती आत गेली, आणि आतून तिच्या नाक पुसण्याचा आवाज आला. मला स्वतःचा इतका राग आला की मी गुडघ्याचं मलम कपाळाला चोळलं.

बाईंनी कॅप्सूल तीच ठेवली, वर झोपायच्या आधी घ्यायचं एक घट्ट पांढरं औषध दिलं. पण आमच्या माणसांच्या आग्रहावर औषध त्यांच्याकडे नव्हतं. ते मला बायकोने दिलं. "ताट नाकारूच नका," ती म्हणाली. "कुठल्या ताटाला बसायचं ते बदला."

पुढच्या हळदीला मी भर दुपारी गेलो आणि सरळ मागच्या अंगणात, जिथे बायका चुलीवर मोठाले टोप चढवून बसल्या होत्या, तिथे उभा राहिलो. मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी लहान मुलांसाठी थोडं बाजूला काढतात, हळद-मीठ घातलेलं, पातळ. मीठ असलं तरी तिखट नसतं, म्हणून अळणी म्हणतात त्याला. मुलांची पंगत दिवस मावळायच्या आत उठते. मी म्हटलं, "मावशी, मला पण पोरांत बसवा."

बायका हसून लोळल्या. पण बसवलं. माझ्या एका बाजूला दात पडलेली एक मुलगी, दुसऱ्या बाजूला नाक वाहणारा तिचा भाऊ. भात, अळणी रस्सा, दोन मऊ तुकडे. यजमानाच्या आईने स्वतः वाढलं. पोटभर जेवलो, हात धुतले आणि माइकजवळ जाऊन खरखरत्या आवाजात जाहीर केलं, "माइकवाला जेवला आहे. आता कुणी पांढऱ्या शर्टवाल्याला हाक मारायची नाही." यजमानाचं मन राहिलं आणि माझा घसाही. मे महिना उजाडेपर्यंत मी कितीतरी घरच्या मुलांच्या पंगती जेवलो. आजूबाजूच्या गावांतली मुलं मला रस्त्यात ओळखू लागली. शेलारच्या दोस्तानेही एकदा मुद्दाम घरी बोलावून अळणी वाढलं, आणि वाढताना तो "काय दिवस आले" असं म्हणत होता. बाईंनी कॅप्सूल एकवेळेवर आणली. आवाज आला. पूर्वीइतका उंच नाही, ओरडलो तर आजही फाटतो, पण खालच्या पट्टीत भरीव, आणि माझाच.

मुलीच्या हळदीला आमचं अंगण गच्च भरलं होतं. मी दिवसभर पाणी पीत होतो आणि मनात वाक्य घोळवत होतो. वाक्य मोठं झोकदार होतं. त्यात तिचं शिक्षण होतं, शाळा होती, आजोबांचं घराणं होतं, आणि शेवटी एक शेरही होता. डीजेवाल्याला मी खूण केली. गाणं थांबलं. घराच्या दारात ती उभी होती, पिवळ्या लुगड्यात, करवल्यांच्या मध्ये, आणि दारापासून मांडवाच्या पाटापर्यंत माणसंच माणसं. नाचणारी पोरं जागची हलत नव्हती.

मी माइक तोंडाजवळ धरला. झोकदार वाक्यातलं काही एक आठवलं नाही. गळा ठणठणीत होता, त्याला दोष देता येत नाही.

"माझी मुलगी येतेय," मी म्हणालो. "जरा वाट द्या."

एवढंच, आणि तेही हळू. स्पीकरमधून आवाज आला की माणसं स्पीकरकडे बघतात, मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. ती स्पीकरकडे बघत नव्हती. एवढ्या गर्दीतून ती मला शोधत होती. मी हात वर केला. तिला दिसलो.

लोक बाजूला झाले आणि ती चालत मांडवात आली.