कोन्याकूवर हात बसेपर्यंत

आमच्या फॅक्टरीतल्या गटाराची जाळी रोज साफ केली तरी रोज भरते. किश्श्यांचंही तसंच आहे. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी नुसतं "शुभा, कामावर काय नवीन?" असं विचारलं की मी सुरू होते, आणि लोकांच्या हातातली भजी गार होतात. आज भजी नाहीत, तेव्हा निवांत ऐका.

कॉव्हेंट्रीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं युनिट आहे. माणसं चार. मालक मोरिता-सान, वय चौऱ्याहत्तर. पॅकिंगला लिंडा, जन्माची कॉव्हेंट्रीची. क्वालिटीला नागपूरची केतकी, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. आणि मी, मूळची पेणची, इथे सत्तावीस वर्षं. आम्ही हॉटेलांच्या किचन्ससाठी कोन्याकू बनवतो. म्हणजे कोंजॅक नावाच्या कंदाचं पीठ पाण्यात फुगवायचं, त्यात चुन्याची निवळी घालून घोटायचं, वड्या पाडून उकळायच्या. चव? काही नाही! रस्सा ज्याचा, चव त्याची.

लंडनजवळच्या पिनरच्या माझ्या नणंदेनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वहिनी, तू पाण्याच्या वड्या पाडतेस?"

"हो," म्हटलं, "आणि लोक त्या चावून खातात!"

*

खरी गंमत घोटण्यात आहे. निवळी पडली की ते सगळं आधी नासक्या दुधासारखं फाटतं. मग घोटता घोटता परत जुळून येतं. जुळलं की त्या क्षणी थांबायचं. जरा उशीर झाला की रबर! तो क्षण घड्याळात दिसत नाही, हाताला कळतो. आणि तसा हात फक्त मोरिता-सानचा.

म्हणून ते अकरा वर्षं जपानला, गावी गेले नव्हते. तिकडे त्यांची अठ्ठ्याऐंशी वर्षांची थोरली बहीण एकटी राहते. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं. दर रविवारी ती फोनवर विचारायची, "कधी येतोस?" मोरिता-सान म्हणायचे, "शुभा-सानचा हात बसला की येतो."

मग काय, माझी रोज परीक्षा! मी केलेल्या वडीवर ते तळव्याने चापट मारायचे, कान लावून आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. "नॉट येट."

*

एकदा एका मोठ्या हॉटेलच्या शेफचा फोन आला. "तुमच्या मालात काळे ठिपके आहेत. घाण आहे ही, परत न्या!"

आता ते ठिपके म्हणजे समुद्री शेवाळाची पूड, मुद्दाम घातलेली. पूर्वी कंदाची साल मधेमधे दिसायची, तसं दिसावं म्हणून. मोरिता-साननी वाद न घालता बिनठिपक्यांचा माल पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच किचनमधून दुसऱ्या शेफचा फोन. हा जपानी. "ठिपके कुठे गेले? नकली माल देता?"

लिंडाने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "यांना मिरपुडीची डबी पाठवू का? ज्याला हवे त्याने आपापले ठिपके घालावेत!"

*

कोन्याकूचं पाकीट उघडलं की सुक्या मासळीसारखा वास येतो. वडी उकळली की तो जातो, कपड्यांतला मात्र जात नाही. बसमध्ये माझ्या शेजारची सीट कायम रिकामी. केतकी शुद्ध शाकाहारी. पहिल्याच दिवशी नाकाला ओढणी लावून म्हणाली, "बाप्पा! काकू, तुम्हाला त्रास नाही होत का जी?"

त्रास? अगं, मला तर पेणचा बाजार दिसतो! सुकट, जवळा, बोंबलांच्या माळा. आई कोळणीशी दरावरून हुज्जत घालतेय आणि मी तिच्या पिशवीचा बंद धरून उभी आहे. त्या आईला मी चार वर्षं सांगत होते, "पुढच्या मे महिन्यात नक्की." मुलांच्या परीक्षा, ह्यांची नोकरी, काही ना काही असायचंच. शेवटी गेले ती तेराव्याला. तेव्हापासून कोणी "पुढच्या वर्षी" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

लिंडाने एकदा मला पाकीट नाकाशी धरून उभी असताना पकडलं. "क्वालिटी चेक?"

"हो," म्हटलं, "एकदम फर्स्ट क्लास!" डोळ्यांतलं पाणी वासाच्या नावावर खपून गेलं.

*

एरवी आमच्याकडे पीठच येतं, पण एकदा कोणीतरी सँपल म्हणून अख्खे कंद पाठवले. खोकं उघडून बघते तर काय, आपल्या सुरणाचा सख्खा भाऊ! मी ओरडले, "हातमोजे घाला!" लिंडा कशाला ऐकतेय? दहा मिनिटांत तिच्या कोपरापर्यंत खाज. केतकी घाबरून ॲक्सिडेंट बुक शोधायला लागली. मी माझ्या पिशवीतली कोकमाच्या आगळाची बाटली काढली आणि आगळ लिंडाच्या हातांना चोळलं. खाज थांबली, पण दोन्ही हात लालभडक.

नेमका तिचा नवरा तिला न्यायला आला. हात बघून पांढराफटक पडला बिचारा.

"घाबरू नकोस," लिंडा म्हणाली, "शुभाने मला मॅरिनेट केलंय!"

*

खंडेनवमीला मी आमच्या पीठ कालवायच्या मिक्सरला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. राबतो बिचारा वर्षभर. तर त्याच दिवशी न सांगता फूड सेफ्टीचा ऑडिटर दारात! तो मिक्सरकडे बघतच राहिला. "हे काय आहे?"

मी तोंड उघडणार एवढ्यात केतकी म्हणाली, "प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, सर!"

फूल काढावं लागलं, मिक्सर दोनदा धुवावा लागला. मला वाटलं, आता मोरिता-सान झापणार. ते खुर्चीत बसून हसत होते. म्हणाले, आमच्याकडेही आहे असं. वर्षातून एकदा मोडक्या सुया कोन्याकूत टोचून ठेवतात. जन्मभर जाडंभरडं शिवून थकल्या, आता मऊ जागी विसावू देत म्हणून. त्यांची बहीण शिवणकाम करायची. सुया टोचायचं काम मोरिता-सानचं असायचं.

"मग जा की भेटायला!" मी म्हटलं.

त्यांनी लगेच माझ्या वडीवर चापट मारली. "नॉट येट."

*

गेल्या वसंतात लिंडाने मला हाताला धरून लोडिंग बेवर नेलं. "तुझ्या नापास वड्या कुठे जातात, बघ." क्रेटवर लेबल होतं त्या ठिपकेवाल्या जपानी शेफच्या किचनचं. "दोन वर्षं जातायत, शुभा. एक तक्रार नाही!"

माझं टाळकंच सटकलं. तशीच ऑफिसात गेले. आमचं दोघांचंही इंग्लिश मोडकं, त्यामुळे भांडण अगदी स्वच्छ होतं. "मोरिता-सान, माझा हात केव्हाच बसलाय. खोटं का बोलता?"

ते मग म्हणाले, "गेलो तर परत निघावं लागेल. ती दारात उभी राहील. मला माहितीये, तो शेवटचा निरोप असेल. मला ते जमणार नाही, शुभा-सान."

"आणि नाही गेलात तर एक दिवस दारात कोणीच नसेल," मी म्हटलं. "मी पाहिलंय ते दार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोटायला उभी राहिले, तर मोरिता-साननी गळ्यातला ॲप्रन काढून माझ्या हातात दिला. वडीवर चापटसुद्धा मारली नाही.

*

ते गेले. बॅगेत मी केलेली एक वडी. चौथ्या दिवशी ऐन टी-ब्रेकला व्हिडिओ कॉल आला, तिकडे जेवणाची वेळ. आम्ही तिघी एका फोनवर वाकलो. मोरिता-सान दिसले, शेजारी एवढीशी म्हातारी, पाठ ताठ. समोर ताटलीत माझी वडी.

तिने वडीवर चापट मारली. कान लावला. मग एक तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिली, चावत राहिली. केतकीने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

म्हातारी भावाकडे वळून काहीतरी बोलली. बरंच बोलली. मोरिता-सान खाली बघत होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, छान झालंय."

"एवढंच? इतकं लांबलचक बोलल्या की!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणते, त्या बाईचा हात इतका चांगला बसलाय, तर तू इतकी वर्षं आला का नाहीस?"

लिंडाने माझा दंड घट्ट धरला. मोरिता-साननी मान वर केली नाही. म्हातारी मात्र थेट फोनमध्ये बघत होती, माझ्याकडेच.

"सांगा त्यांना," मी जोरात ओरडले, "मला गेल्याच आठवड्यात जमलं म्हणावं!"