पांढऱ्या गोळ्यांवरचे ठिपके

शनिवार, १५ मार्च. सकाळी नळाचा वायसर बदलून घेतला. दूध उशिरा आलं. सूनबाईची भट्टी आज उघडणार. ती चहा अर्धाच टाकून गेली.

सासूबाईंनी रोजच्या वहीत एवढं लिहिलं. सूनबाईने काही अर्धवट टाकलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आली तीच मुळी चटपटीत, खळखळून हसणारी. कारखान्यात ती खुब्याच्या सांध्यात बसवायचे पांढरेशुभ्र गोळे बनवते. पिठासारखी भुकटी साच्यात दाबायची आणि भाजायची, की गोळा आक्रसून दगडाहून टणक होतो. लहानपणी तिने मावशीला काठी टेकत, कण्हत जिना चढताना पाहिलं होतं. हे काम तिने तेव्हाच मनात धरलं म्हणे. नवरा त्याच कारखान्यात, पलीकडच्या इमारतीत, काळ्या भुकटीचे चुंबक करतो. घरी आल्यावर दोघांची जुंपायची.

"तुझा नुसता कोळशाचा धंदा," ती म्हणायची.

"आणि तुझी पिठाची गिरणी!"

पण महिनाभर गोळ्यांवर तपकिरी ठिपके उमटू लागले. ठिपका म्हणजे कच्ची जागा. असा गोळा माणसाच्या अंगात फुटला तर? तिने भट्टी घासली, साचे बदलले, भुकटीचा नवा डबा फोडला. ठिपके काही हटेनात. शेवटी साहेब म्हणाले, "आणखी एक घाणा बघू. तोही बिघडला तर हे काम बंद." त्या दिवशी ती ताटासमोर नुसती बसून राहिली.

"डब्यातली थोडी भुकटी घरी आण," नवरा म्हणाला.

"का? मंतरून देणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी त्याने ती बाटलीत पाण्यात कालवली आणि बाहेरून चुंबक धरला. काचेला आतून बारीक काळी मिशी फुटली.

"अगं, हा तर माझाच माल! भट्टीत भाजला की तपकिरी डाग पडणारच."

"तू माझ्या खोलीत शिरला होतास?"

"मला तिथे फिरकू तरी देतेस का?"

सूनबाई एकदम उठली. दोरीवरचा आपला धुतलेला एप्रन काढून तिने त्याची बाही कोऱ्या कागदावर झटकली. कागदाखालून चुंबक फिरवला, तर काळे कण उभे राहून नाचायला लागले. दोघांनी माना वळवल्या.

"माझ्याकडे काय बघता?" सासूबाई म्हणाल्या. "दोघांचे एप्रन मी एकाच पाण्यात धुते. नवरा-बायकोचे कपडे काय वेगळे धुवायचे?"

सूनबाई पोट धरधरून हसली. "आई, तुम्ही आमचा संसार जोडलात आणि माझे गोळे फोडलेत!"

मग कोरा एप्रन, भुकटीचा कोरा डबा आणि शेवटचा घाणा. आज दुपारी फोन वाजला तेव्हा सासूबाईंनी तो दुसऱ्या घंटेच्या आत उचलला.

"आई, एकही ठिपका नाही! साहेबांनी भिंगातून पाहिलं, मग चष्मा पुसून परत पाहिलं."

"आणि काम?"

"चालू! सोमवारी पुढचा घाणा. आता भूक लागलीय, जेवायला काय आहे?"

संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: निळी बादली आणली. ती फक्त सूनबाईच्या एप्रनसाठी. मुलाने यापुढे स्वतःचा एप्रन स्वतः धुवायचा.