आधी मला गुंगी द्या

आमच्या वडगावच्या विणकर गल्लीत पोराचा दात उपटायचा ठरला की आजूबाजूचे माग मुद्दाम जोरात चालू व्हायचे. पोराचं रडणं त्याच्या आईच्या कानावर जाऊ नये, म्हणून केलेली ही सोय. दोघे पोराला धरायचे, तिसरा डोकं दाबायचा आणि पक्कडवाला आपलं काम उरकायचा. अशा वेळी एकच माग बंद पडायचा, तो आक्काचा. मागाचा धोटा हातात घेऊन ती दारात येऊन उभी राहायची. "ऐकू दे की सगळ्यास्नी. पोरगं वरडतंय, चोरी करत न्हाय," म्हणायची.

आक्का म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला तशी माहेरी आली आणि आल्या आल्या स्वतःचा माग मांडून बसली. भावाच्या घरात राहून भावालाच उलट बोलणारी दुसरी बाई गल्लीनं पाहिली नव्हती. लहानपणी तिलाही असंच धरलं होतं. तिनं त्या वेळच्या पक्कडवाल्याचा अंगठा असा चावला, की तो पक्कड टाकून पळाला. दाढ तोंडातच राहिली. पुढे ती सडली, दर थंडीत सुजायची. आक्का लवंग धरून सोसायची, पण तोंड कुणापुढे उघडायची नाही. एका बाजूनं जेवते आणि दुसऱ्या बाजूनं भांडते, असं आप्पा म्हणायचे.

मी सात वर्षांची असताना माझी दाढ पिकली. गाल डोळ्यापर्यंत सुजला, ताप उतरेना. गोऱ्या सोल्जरांच्या कॅम्पाकडे एक दवाखाना होता, तिथं आप्पांनी मला नेलं. डॉक्टर म्हणाले, "खाली पू झालाय. गुंगी देऊन दाढ काढावी लागेल, नाहीतर जबड्यात पसरेल." आप्पांनी मला उचललं आणि थेट घरी आणलं.

आईनं ऐकलं आणि मला पदराखाली ओढून घेतलं. "गुंगी दिलेलं पोर उठत न्हाय," म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण अख्ख्या गल्लीला ते पक्कं माहीत होतं. आप्पा म्हणाले, "घटकाभर रडंल, पर जित्ती ऱ्हाईल. उद्या पक्कडवाल्याला बोलावतो." दोघांचाही माझ्यावर जीव होता. हे मला आता कळतं. तेव्हा मला दोघांचाही राग आला होता.

"हिला कुणी धरायचं न्हाय," आक्का म्हणाली.

"मग मरू दे म्हणतीस?" आप्पांनी विचारलं.

"उद्या समदी दवाखान्यात चला. आधी मी गुंगी घेते, माझी दाढ काढू दे. न्हाय उठले तर पोरीला घरला आणा आणि काय करायचं ते करा. उठले तर मधी कुणी बोलायचं न्हाय."

"आक्का, तुमी कशापायी?" आई म्हणाली.

"माझ्यामागं कोण उपाशी ऱ्हाणार हाय, गं?"

डॉक्टरांना आधी हे पटेना. "बाई, हा काय खेळ आहे?" आक्कानं आ केला. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. तरी घरच्या पुरुषाची परवानगी हवी म्हणाले. "दाढ माझी हाय. त्याला काय इचारता?" आक्का म्हणाली आणि टेबलावर जाऊन आडवी झाली.

तिच्या नाकावर औषधाचं कापड ठेवलं. गोडसर वास दारापर्यंत आला. तिची मूठ सैल पडली तशी आई रडू लागली. दाढ निघाली तरी आक्का हलेना. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग ती ओकली, कशीबशी उठून बसली. पदर रक्तानं भरलेला, ओठ धड हलत नव्हते, तरी ती भावाला म्हणाली, "उठले. आता तिला आत आण."

माझी दाढ कधी निघाली मला कळलंही नाही. पुढे गल्लीतल्या काही आया पोरांना तिकडं नेऊ लागल्या. जाताना आक्काला बरोबर घ्यायच्या आणि ती दवाखान्याच्या दारात बसून बापांशी भांडायची.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. मी सासरहून, निपाणीहून भेटायला आले. तिच्यामुळे मी कुणी न धरता, न दाबता वाचले, हे तिला एकदा सांगायचं होतं. ते राहिलं आणि मी भलतंच विचारलं, "गुंगीतनं माणूस उठतं, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय. तुझ्या आईवानीच मला बी वाटत हुतं, न्हाय उठायची म्हणून."

"मग गेलीस कशी?"

"मागावरच्या लुगड्याचा पदर ऱ्हायला हुता, तेवढा राती बसून पुरा केला आणि गेले. अर्धं लुगडं तुझ्या बापाला बघवलं नसतं."